कधीच न बांधलं जाणारं जहाज कशासाठी आखायचं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नेव्हल आर्किटेक्चर शिकतो. शेवटच्या वर्षी पाच जण मिळून एक प्रवासी बोट आखताहेत. ती कुणी बांधणार नाही. मग सगळा खटाटोप कागदावरचाच ना? आणि पाच जण कशाला? हुशार मुलगा एकटा करू शकणार नाही का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकटा करू शकेल, पण जहाजाच्या आखणीत जे खरं शिकायचं असतं, ते त्याच्या हातून निसटेल.

समजा, या मुलांची बोट खाडी ओलांडणारी आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून तिचा पाण्याखालचा भाग सरळ चौकोनी पेटीसारखा धरू. रुंदी 8 मीटर, पाण्याखालची खोली 2 मीटर आणि सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य तळापासून 2.7 मीटरवर. अशा बोटीचा मेटासेंटर, म्हणजे थोडी कलल्यावर ती ज्या बिंदूभोवती झुलल्यासारखी वागते तो बिंदू, तळापासून सुमारे 3.67 मीटरवर येतो. तो गुरुत्वमध्याच्या जितका वर, तितकी बोट पुन्हा सरळ व्हायला तत्पर. इथे अंतर आहे जवळजवळ 97 सेंटिमीटर. छान चाललंय.

आता प्रवाशांची सोय पाहणारी मुलगी म्हणते, वर एक छताचा डेक हवा. तिचंही बरोबर आहे, पावसाळ्यात लोक भिजणार. पण डेक वर म्हणजे वजन वर. गुरुत्वमध्य 3.2 मीटरवर गेला की 97 सेंटिमीटरचे 47 राहतात. आंतरराष्ट्रीय नियमांत या अंतराची किमान मर्यादा 15 सेंटिमीटर आहे, तेव्हा तेवढं पुरेसं वाटेल. पण धक्का जवळ आला की सगळे प्रवासी एकाच कठड्याला येऊन उभे राहतात. त्यासाठी वेगळी अट आहे : माणशी 75 किलो धरून, सगळे एका बाजूला आले तरी बोट 10 अंशांहून जास्त कलता कामा नये. स्थैर्य पाहणारा मुलगा अस्वस्थ होतो आणि रुंदी 9 मीटर मागतो. खोली तीच ठेवली तर अंतर एकदम 117 सेंटिमीटरवर जातं, कारण इथे रुंदीचा वर्ग मोजला जातो.

मग इंजिनवाला उठतो. रुंद बोटीला पाण्याचा रोध जास्त, इंजिन मोठं, इंधन जास्त, म्हणजे पुन्हा वजन. शिवाय स्थैर्य वाढलं की हेलकावा झटकेदार होतो : नवाहून थोड्या अधिक सेकंदांचा हेलकावा साडेसहावर येतो आणि लोकांना बोट लागते. कमी स्थैर्य वाईट, फार स्थैर्यही त्रासाचं. पाचही जण पुन्हा पहिल्या पानावर. एमआयटीचे जे. हार्वी इव्हान्स यांनी 1959 मध्ये ही परतपरतची फेरी चक्राकार आकृतीत मांडली. प्रत्येक फेरीत आकडे थोडे नेमके होत मध्याकडे सरकतात. ‘डिझाइन स्पायरल’ या नावाने ती आजही शिकवली जाते.

एकट्या मुलाच्या डोक्यात ही भांडणं होत नाहीत. तो आपल्या आवडत्या बाजूला मूक झुकतं माप देतो. गटात मात्र डेक मागणारीला समोरच्याला पटवावं लागतं, आणि ‘नाही’ ऐकायची तयारीही ठेवावी लागते. स्टॉकहोममध्ये 1628 साली ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्याच प्रवासात जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडाली. त्याआधी धक्क्यावर तिच्या डेकवरून 30 माणसांना या कडेहून त्या कडेला धावायला लावलं होतं. ती इतकी डोलू लागली की चाचणी थांबवावी लागली. दोष डोळ्यांसमोर होता, तरी जहाज निघालं. असा दोष वेळेवर आणि ठामपणे सांगायची सवय कॉलेजातच लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच एक प्रकार मला फार खटकतो. पाच जण पाच प्रकरणं वाटून घेतात, आपापली लिहितात आणि शेवटच्या आठवड्यात एकत्र बांधतात. हा गटप्रकल्प नव्हे. भावाला विचारा, वजनांचं पत्रक कुणाकडे आहे? ते एकच हवं, एकाच्याच ताब्यात, आणि प्रत्येक बदल तारखेसह त्यात नोंदलेला.

काही विद्यार्थी प्रत्यक्ष पाण्यातही उतरतात. अमेरिकेत 1989 पासून माणसाच्या पायडलवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या शर्यती होतात. पाणबुडी आतून पाण्याने भरलेली असते आणि आतला विद्यार्थी श्वसनयंत्र लावून पायडल मारतो. तिथल्याच स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या स्पर्धेत मुलं चक्क काँक्रीटची होडी बांधतात, आणि ती पाण्याने भरल्यावरही वर आली पाहिजे अशी परीक्षा घेतात. मोनॅकोत सौर बोटींच्याही शर्यती झाल्या आहेत. आपल्याकडे खरगपूर आणि मद्रास आयआयटीत प्रतिकृती ओढून रोध मोजायचे लांब हौद आहेत. तिथे 25 पट लहान प्रतिकृती खऱ्या जहाजाच्या 25 पट नव्हे, तर 5 पट कमी वेगाने ओढतात, कारण लाटांचं गणित लांबीच्या वर्गमुळावर चालतं. विल्यम फ्राउड यांनी ते सिद्ध केलं आणि 1872 मध्ये इंग्लंडात टॉर्की इथे असा हौद उभा राहिला.

भावाच्या गटाला एवढा मोठा हौद लागणार नाही. 20 किलोची प्रतिकृती करून एखाद्या टाकीत सोडा, आत 50 सेंटिमीटरचा ओळंबा टांगा आणि अर्ध्या किलोचं वजन 10 सेंटिमीटर बाजूला सरकवा. ओळंबा अडीच सेंटिमीटर हलला, तर मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या 5 सेंटिमीटर वर आहे. गोदीत नव्या जहाजावरही याच तत्त्वाची चाचणी घेतात. कागदावरचा आकडा आणि हा आकडा जुळला नाही, तर चूक बहुधा वजनांच्या पत्रकातच सापडेल.