चामडं कडेवरून पाहावं

भोर

चि. सायली,


वेल्ह्यात चामड्याच्या पर्स-पिशव्यांचं काम सुरू करतेयस आणि माल घ्यायला धारावीला जाणार आहेस, असं ताईकडून कळलं. राजगड-तोरण्याला येणाऱ्यांची वर्दळ पाहता जागा चांगली निवडलीस. फक्त दुकानात चकाकीला भुलू नकोस. तुकडा हातात घेतलास की आधी कापलेली कड बघ, मग मागची बाजू.

म्हशीचं कातडं जाड असतं. यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरच्या थरात तंतू घट्ट असतात आणि अंगचा दाणा, म्हणजे कातड्याची नैसर्गिक नक्षी, असतो. खालचा थर भुसभुशीत. त्याच खालच्या थरावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवून दाणा ठसवतात आणि 'जेन्युईन लेदर'चा शिक्का मारतात. शिक्का शब्दशः खोटाही नसतो, हीच त्यातली गोम. कडेला मात्र पापुद्र्याची रेघ वेगळी दिसते, नखानं खरवडली तर सुटते. दाणा जागोजाग हुबेहूब सारखा असेल तर तो ठशाचा. अंगच्या दाण्यात गोचिडाचे डाग, करवंदीच्या काट्यांचे ओरखडे असणारच. त्यासाठी नाक मुरडू नकोस.

माल चौरस फुटावर विकतात, आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो. पोटाचा भाग आणि बहुधा भोकंही त्यातच मोजलेली. पाठीचं कातडं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. पिशवीचा पट्टा पोटातून कापलास तर ओझ्यानं तो लांबत जाईल. पोटाचा भाग अस्तराच्या खिशाला लाव. पैसे सगळ्या मापाचे पडतात, म्हणून दर विचारण्याआधी कामाचं किती निघेल याचा अंदाज घे. स्वस्त कातडं पुष्कळदा असंच महाग पडतं.

राज्यात 2015 पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे इथल्या मालात म्हैस आणि शेळी जास्त. छोट्या पर्सला शेळीचं घे, पातळ असूनही चिवट असतं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, पण रोजच्या वापराला नाजूक.

कमावणीही विचार. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ आणि पाण्याला सोशीक. पुरतं रंगलेलं नसेल तर कडेच्या मध्यात निळसर राखाडी झाक दिसते. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसलं, तपकिरी आणि ताठ असतं, वापरानं गडद होत जातं. पट्टे, कमरपट्टे, कीचेन यांना तेच शोभतं. आणि हिरडा तर आपल्या हिरडस मावळातल्या रानात पिकतो, गिऱ्हाइकाला हे जरूर सांग.

पीयू (पॉलियुरेथेन) रेक्झिनच्या स्वस्ताईला भुलू नकोस. दमट हवेत पीयूचा थर आतून कुजतो आणि वेल्ह्याच्या दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. त्यावर इलाज नाही. चामड्यावर बुरशी येईल, पण ती कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वारं दिलं की बहुतेकदा जाते. तयार माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, सुती कापडात ठेव.

आणखी एक. एका ऑर्डरचं सगळं चामडं एकाच लॉटमधून उचल. पुढच्या खेपेला तोच रंग मागितलास तरी छटा बदललेली असते, आणि पिशवीचं पाठ-पोट वेगळं दिसायला लागतं. निघण्याआधी फोन कर, कैचीऐवजी न्यायला माझी रापी, चामडं कापायची सुरी, देतो.

तुझा,
मामा