समुद्राने वाजवलेला ऑर्गन

फिजिक्समधली ऑर्गन पाइप आठवते? क्रोएशियातल्या झादर शहरात २००५ साली आर्किटेक्ट निकोला बाशिच यांनी ती चक्क समुद्राच्या हाती दिली! दुसऱ्या महायुद्धानंतर काँक्रीटने भकास झालेल्या किनाऱ्यावर आता सुमारे ७० मीटर लांब पायऱ्या आहेत आणि त्यांच्याखाली ३५ पाइप. लाट नळीतली हवा ढकलते, पाइप शिट्टीसारखी वाजते आणि सूर पायऱ्यांच्या भोकांतून बाहेर येतो. पाइपची लांबी निम्मी केली, की फ्रीक्वेन्सी साधारण दुप्पट. एवढं गणित सोपं. पण लाट कधी, किती जोरात येईल, हे डिझायनरच्या हातात नसतं आणि तिथे बसलेल्याला आवाज बंदही करता येत नाही. म्हणून सूरच असे निवडावे लागतात, की कुठलेही एकत्र वाजले तरी खटकू नयेत. कमीजास्त पाण्याच्या दोन बाटल्या मित्राबरोबर एकदम फुंकून बघा, लगेच पटेल!