सही आली, पुढे काय?

आधीच कबूल करते, मराठी विभागात लेख लिहायला मी फारशी लायक नाही. शाळा कॉन्व्हेंटची. मराठी हा विषय फक्त पास होण्यापुरता. निबंधाला ठरलेले तीन विषय पाठ केले की काम व्हायचं. पण संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मेसच्या रांगेत गाठलं आणि म्हणाली, "तुझ्या रात्रीच्या वर्गाबद्दल लिही." त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर तिला धरा.

वर्गाची गोष्टही तशी उदात्त वगैरे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायचे होते. वृक्षारोपण आणि स्वच्छता मोहिमेची यादी मी पोचेपर्यंत भरलेली. उरला होता प्रौढ साक्षरता वर्ग. वेळ रात्री साडेनऊ, जागा आमचीच मेस, टेबलं पुसून झाल्यावर. विद्यार्थी सहा: मेसमध्ये काम करणाऱ्या पाच मावशी आणि गेटवरचे वॉचमन काका.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या उत्साहाने 'अ' काढला आणि बाजूला अननस. पोळ्या करणाऱ्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, अननसाचं मी काय करू? मला बसची पाटी वाचायचीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसस्टॉपवरच वर्ग भरवला. बेस्टच्या बसवर समोर नंबर मराठी आकड्यांत असतो, हे अंधेरीत लहानाची मोठी होऊनही मी कधी नीट पाहिलं नव्हतं! बस आली. मी अजून ६ की ९ करतेय तोवर मावशी म्हणाल्या, "तीनशे चाळीस." आकडे त्यांना येत होते. येत नव्हती ती शेजारची अक्षरं. म्हणजे त्या स्टॉपवर अर्धी निरक्षर मीसुद्धा होते.

हे मुद्दाम सांगितलं, कारण मोठ्या माणसाला शिकवणं आणि पहिलीच्या मुलाला शिकवणं यातला मोठा फरक मला तिथे कळला. प्रौढ माणूस कोरी पाटी नसतो. तो हिशेब, भाषा आणि माणसं ओळखण्याची कला घेऊनच वर्गात येतो, आणि कशासाठी शिकायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण सातारा जिल्ह्यात म्हसवडला घडलं. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर माण तालुक्यातल्या या दुष्काळी गावात राहायला गेल्या. तिथे रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्याआधी घरावर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा होता, बस्स. एवढ्या लहान रकमेसाठी बँका खातं उघडेनात. तेव्हा बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण काय, तर प्रवर्तक सभासदांमधल्या बायकांना लिहितावाचता येत नाही!

चेतनाताईंनी ही हकिकत नंतर अनेक ठिकाणी सांगितली आहे. त्या रडवेल्या होऊन परत आल्या. बायका म्हणाल्या, त्यात काय, शिकू की. दिवसभर काम करून रात्री त्या शिकायला बसू लागल्या. काही महिन्यांनी पंधराएक जणी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना त्यांनी सुनावलं, की आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, तो आमचा दोष नाही. आम्हाला लिहिता येत नसेल, पण मोजता येतं. तुम्ही कोणतीही रक्कम सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

हे मी वर्गात सांगितलं, तर मावशींना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. गावाकडे सावकाराचं व्याज 'शेकडा तीन' असं सांगतात, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. पाच हजार घेतले तर महिना दीडशे, वर्षाला अठराशे. म्हणजे ३६ टक्के! बारा टक्क्यांनी घेतले असते तर सहाशेच. मी हे फळ्यावर मांडेपर्यंत भाजी चिरणाऱ्या मावशींनी तोंडी सांगून टाकलं. आम्ही मॅथ्स फोरची केटी घेणारी माणसं, काय बोलणार?

आता थोडा इतिहास. मोठ्यांची शाळा ही कल्पना महाराष्ट्रात बाहेरून आलेली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. मुंबईत १९३९ मध्ये साक्षरता मोहीम निघाली आणि प्रौढ शिक्षणासाठी शहराची समिती स्थापन झाली. पुढे ती मुंबई शहर समाजशिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. आपल्याला सकाळी आठचं लेक्चर जड जातं, तो भाग वेगळा.

सगळ्यात मोठी मोहीम मात्र पुन्हा सातारा जिल्ह्यातलीच. १९५९ मध्ये तिथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातले शिक्षक, शिकलेली तरुण मंडळी, शाळेतली मुलं, जो वाचू शकतो त्याने न वाचणाऱ्याला शिकवायचं. चौदा ते पन्नास वयाची माणसं साक्षर झाली की गावात ग्रामगौरव समारंभ व्हायचा. लोक ग्रामदेवतेपुढे साक्षर राहण्याची शपथ घ्यायचे. नंतर ही मोहीम राज्यभर नेली गेली आणि तिचं नाव युनेस्कोपर्यंत पोचलं.

पण एक गोष्ट मला खटकते. १९५९ मध्ये ज्या जिल्ह्यात गावंच्या गावं साक्षर झाल्याचे समारंभ झाले, त्याच जिल्ह्यातल्या बायकांचा अर्ज १९९० च्या दशकात 'निरक्षर' म्हणून परत येतो. मधे तीस-पस्तीस वर्षं गेली, नवी पिढी आली, त्यामुळे सगळा दोष मोहिमेवर टाकणं बरोबर नाही. पण समारंभ झाल्यावर वाचायला काय दिलं, हा प्रश्न उरतोच. अक्षर वापरलं नाही की विसरतं. आपण फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग विसरलो, तसंच. मोहिमेनंतरही शिकलेलं विसरून अनेक जण पुन्हा होते तिथे आले.

आमच्या वर्गाचा अहवाल भरताना मला हेच जाणवलं. फॉर्मवर एकच रकाना होता: 'साक्षर झालेल्यांची संख्या'. चार जणांना सही आली होती. मी '४' लिहिलं आणि माझे तास मंजूर झाले. पण खरं जे घडलं होतं ते लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. केमिकलवाल्यांना कळेल, प्रॉडक्ट मोजलं आणि बायप्रॉडक्ट गटारात सोडून दिलं. इथे तर बायप्रॉडक्टच जास्त किमती असतं.

म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगते. दोन्ही महाराष्ट्राबाहेरची, पण आपल्याच देशातली. १९९१ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता अभियान चाललं होतं. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडला. हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सेस, सगळ्या. बस येईल तेव्हा येईल, बाई आपली बाजाराला निघाली. वेळ वाचला, पाणी आणणं सोपं झालं, नवऱ्यावर अवलंबून राहणं कमी झालं. आता साक्षरतेच्या परीक्षेत 'सायकल येते का' असा प्रश्न थोडाच असतो?

दुसरं उदाहरण आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्याचं. तिथल्या साक्षरता वर्गांच्या वाचनपाठात दारूमुळे मोडलेल्या संसाराची गोष्ट होती. ती वाचता वाचता दुबगुंटा गावातल्या बायका आपल्याच घराबद्दल बोलायला लागल्या आणि त्यांनी मिळून गावातली दारूविक्री बंद पाडली. त्याचा धडाही नंतर वाचनपुस्तकात आला, तो वाचून दुसऱ्या गावांतल्या बायका उठल्या. १९९२ मध्ये आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरलं. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारला अरक म्हणजे देशी दारू बंद करावी लागली, १९९५ मध्ये तर पूर्ण दारूबंदी आली. ती बंदी १९९७ मध्ये मागे घेतली गेली, हेही सांगायला हवं. पण गावच्या बायका एका जागी रोज संध्याकाळी बसतात, बोलतात आणि त्यांच्याजवळ एकच मजकूर असतो, यात केवढी ताकद आहे बघा!

हीच ताकद ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी या शिक्षकाने ओळखली होती. १९६३ मध्ये अँजिकोस नावाच्या गावी त्याने सुमारे तीनशे मजुरांना दीडेक महिन्यात वाचायला शिकवलं. 'अननस' घेऊन नाही, तर त्यांच्या रोजच्या तोंडचे शब्द घेऊन, उदाहरणार्थ 'वीट'. वीट कोण करतो, घर कोणाचं होतं, अशी चर्चा आधी आणि अक्षरं नंतर. त्या वेळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यामुळे वाचायला शिकला की माणूस मतदार व्हायचा. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरीला तुरुंगात टाकलं आणि नंतर देश सोडावा लागला. आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून निरक्षरांनाही मत होतं. मतपत्रिकेवरची चिन्हं त्यासाठीच आली. ही गोष्ट आपण किती सहज धरून चालतो.

माझी रूममेट मात्र प्रॅक्टिकल आहे. तिचा प्रश्न: "मजूर ठीक आहे गं, पण पन्नाशी-साठीच्या माणसाला शिकवून रिटर्न काय?" पैशातच मोजायचं तर कदाचित शून्य. पण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या, गुलाबी नऊवारीचा युनिफॉर्म, पाठीला दप्तर. यातल्या कोणालाही नोकरी करायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती. आणि घरी काय झालं, तर नातवंडं आजीचा गृहपाठ घ्यायला बसली. २०१६ मध्ये युनेस्कोच्या प्रौढ शिक्षणावरच्या जागतिक अहवालानेही रोजगाराबरोबर आरोग्य आणि समाजजीवन हे फायदे तितकेच महत्त्वाचे मानले आहेत. रूममेटला अहवाल पटला नाही, आज्यांचा फोटो पटला.

आपल्या उपनगरांत हा प्रश्न संपलाय असं वाटत असेल तर २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ९० टक्के होती. छान वाटतं ना? पण याचा अर्थ सात वर्षांवरच्या दर दहा माणसांमागे एक. मुलुंड ते बोरिवली, प्रत्येक सोसायटीच्या गेटवर, प्रत्येक स्वयंपाकघरात तो एक असू शकतो. आणि आता तर ओटीपी आला. आमच्या एका मावशींनी एटीएममध्ये अनोळखी माणसाला मदत मागितली आणि महिन्याचा पगार गेला. तेव्हापासून त्या मेसेज वाचायला शिकायचं म्हणून सगळ्यात आधी येऊन बसतात.

आमच्या वर्गाचं बायप्रॉडक्ट सांगायचं राहिलं. एक, पोळ्यावाल्या मावशींचा नातू चौथीत आहे. वहीत बाईंनी लाल शाईने शेरा दिला की तो आजीला सांगायचा, "शाब्बास लिहिलंय." जानेवारीत आजीने वही हातात घेतली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, 'गृ-ह-पा-ठ अ-पू-र्ण'. त्या रात्री त्या वर्गात आल्या तेव्हा रागावलेल्या होत्या की खूश, मला कळेना. दोन, पाचही जणींनी मिळून कॉन्ट्रॅक्टरचं हजेरीचं बुक पाहिलं. दोघींचे तीन दिवस कमी लागले होते. एकट्या एकटीने कोणी बोललं नसतं. पाच जणी गेल्या, पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. तीन, काकांना सही आल्यावर ते येईनासे झाले. सही हवी होती, झाली. मला वाईट वाटलं. पण परवा गेटवर रजिस्टरमध्ये माझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, आडनावात एक वेलांटी चुकवून. ती मी दुरुस्त केली नाही.

माझे १२० तास केव्हाच संपले. वर्ग चालू आहे, पण पुढच्या सेममध्ये मला मंगळवारी प्रॅक्टिकल आहे आणि मंगळवार रिकामा जातोय. कोणाला जमत असेल तर रात्री साडेनऊला मेसमध्ये या. बालभारती आणू नका, ती आहे. मोठ्या मराठी आकड्यांची जुनी कॅलेंडरं आणि औषधांची रिकामी खोकी मिळाली तर हवी आहेत. मावशींना एक्स्पायरी डेट वाचायला शिकायचंय, आणि ती एवढी बारीक छापतात की मलाही चष्मा लावावा लागतो.