धातूच्या पट्टीवरील आकडे का पुसतात?



गेल्या जुलै महिन्यात मये येथील एका घरी आमचे जाणे झाले. घरामागे कुळागर आणि त्याच्या वरच्या अंगाला आंब्याची चाळीस कलमे. घरच्या सासऱ्यांनी ती लावली, वाढवली आणि प्रत्येक झाडाला आकड्याची एक धातूची पट्टी बांधली. कोणत्या आकड्याचे कलम कोठून आणले, पहिला बहर केव्हा आला, कोणाचे फळ गोड, कोणाला कीड लागते, हे सारे त्यांनी एका वहीत नीट लिहून ठेवले होते. सासरे आता देवाघरी गेले. सुनेला नवी कलमे बांधायची होती. वहीत लिहिले होते की चौदा आणि एकतीस हे मानकुराद उत्तम, काडी त्यांचीच घ्यावी. ती सुरी घेऊन वर गेली, तर निम्म्याहून अधिक पट्ट्या कोऱ्या! वही आहे, झाडे आहेत. पण दोहोंना जोडणारा आकडा गेला.

हे नुकसान लहान नाही. चुकीच्या झाडाची काडी घेतली तर ती चूक नवे कलम फळ धरेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षे, कळत नाही. "लेझरने काढलेला आकडा जन्मभर जात नाही, असे दुकानात सांगितले होते. मग हे कसे झाले?" असे त्या बाईंनी आम्हांला विचारले. आज पाण्याच्या पंपावर, फवारणीच्या यंत्रावर, कलमांवर, सगळीकडे अशाच पट्ट्या येतात. म्हणून या प्रश्नाचा आपण नीट विचार करू.

लेझर पट्टीवर काय करतो?

लहानपणी भिंगाने ऊन एका ठिपक्यात आणून आपण कागद जाळला असेल. लेझर हा तसाच, पण त्याहून पुष्कळ तीव्र असा एकवटलेला प्रकाश आहे. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी चालवून दाखवला. आज त्याच प्रकाशाने यंत्र धातूवर आकडे काढते. मात्र ते तीन निरनिराळ्या रीतींनी काढता येतात, आणि आयुष्य ठरते ते रीतीवर.

पहिली रीत खोदण्याची. प्रकाशाच्या उष्णतेने धातूचा थोडा भाग वितळून व उडून जातो आणि चर पडते. दुसरी रीत रंग आणण्याची. स्टेनलेस स्टील बेताने तापवले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा काळसर थर तयार होतो. आकडा काळा व सुरेख दिसतो, पण तेथे खोली अशी नसते. तिसरी रीत थर उडवण्याची. निळ्या, लाल किंवा काळ्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा रंग लेझर उडवतो आणि खालचा पांढरा आकडा दिसू लागतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: खोली टिकते, रंग टिकेलच असे नाही. गोव्याच्या कदंब राजांचे ताम्रपट शेकडो वर्षांनंतर आजही वाचता येतात. तांबे काळवंडले, हिरवे पडले, तरी अक्षर खोदलेले असल्यामुळे ते राहिले. केवळ रंगाने लिहिले असते तर आज काहीच हाती लागले नसते.

आपल्याकडे पट्टीचे शत्रू कोण?

१. ऊन. रंगीत ॲल्युमिनियममधील रंग बहुधा कापडाच्या रंगासारखाच असतो. बारा महिन्यांच्या उन्हात तो विटतो. पांढरा आकडा तेथेच असतो, पण भोवतालची निळी जमीनही पांढुरकी झाल्यावर तो दिसणार कसा? मये येथील कोऱ्या पट्ट्यांपैकी बऱ्याचशा अशाच होत्या.

२. चुना आणि मोरचूद. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपण पावसाच्या तोंडाशी व पुन्हा पावसात बोर्डो मिश्रण मारतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. चुना ॲल्युमिनियमचा वरचा संरक्षक थर खातो. चुना कमी पडला तर मोरचुदातील तांबे ॲल्युमिनियमवर बसून बारीक खड्डे पाडते. आपले वाडवडील मिश्रणात चकचकीत सुरी मिनिटभर बुडवून पाहत. सुरीवर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा लागतो. लोखंडावर हे घडते, तर पट्टीवरही घडणारच. म्हणून फवारणीपूर्वी खालच्या झाडांच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि काम झाल्यावर आठवणीने सोडावी.

३. घासणी. पट्टी मळली की आपण तारेची घासणी घेतो. हा मोठा घात आहे. काळा थर अतिशय पातळ असतो, तो घासून निघतो. शिवाय साध्या लोखंडी तारेचे कण स्टीलमध्ये रुतून तेथे गंज धरतो, आणि दोष मात्र स्टीलला लागतो. पितळी पट्टी चिंच आणि राखेने उजळत राहिली तर तिचे आकडेही झिजतात. खाणीकडची तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये. ती वाळूसारखी ओरखडे काढते. आधी पाणी ओतावे, मग मऊ फडके फिरवावे.

४. गंज. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम वर एक अदृश्य थर धरून ठेवते. लेझरने फार तापलेल्या जागी हा थर दुबळा होतो, आणि नेमक्या आकड्यातूनच तांबूस डाग निघतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पट्टी दिवसेंदिवस ओली राहते. त्यात मीठ आले की काम बिघडते. पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमल येथे खारा वारा असतो. माडाच्या आळ्यात आपण मीठ घालतो तेही विसरू नये. अशा ठिकाणी ३१६ क्रमांकाचे स्टील मागावे. आतल्या गावांना ३०४ पुरते. न्हाणीघर धुण्याचे ॲसिड मात्र पट्टीला कधीही लावू नये. त्याने स्टीलला खड्डे पडतात आणि वाफ छातीत जाते.

५. दोन धातूंची गाठ. ॲल्युमिनियमच्या पट्टीला तांब्याची तार बांधली आणि ती पावसात भिजली, की भोकाजवळचे ॲल्युमिनियम झिजू लागते. एक दिवस पट्टी गळून गवतात पडते. आकडा शाबूत, पण झाड कोणते? म्हणून पट्टी ज्या धातूची, तार त्याच धातूची.

गुरांच्या कानातील बिल्ला

गाई-म्हशींच्या कानातील पिवळा बिल्ला प्लॅस्टिकचा असतो, पण त्यावरील बारा आकडेही लेझरनेच उमटवलेले असतात. लाळ्या-खुरकूत रोगाविरुद्धची राष्ट्रीय लसीकरण मोहीम २०१९ साली सुरू झाली. लसीची नोंद याच बारा आकड्यांवर होते. विमा उतरवला असेल तर गुराची ओळखही त्यावरूनच पटवतात. गुरू दगावले आणि बिल्ला नसला किंवा वाचता आला नाही, तर भरपाई अडते. ऐन दुःखात आणखी हे संकट नको.

बिल्ल्यावरील शेण सुरीने खरवडू नये. साबणाच्या पाण्याने धुवावे. बिल्ला पडला किंवा अस्पष्ट झाला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून नवा घ्यावा आणि नवा आकडा विम्याच्या कागदावरही नोंदवून घ्यावा. कान सुजला, पू झाला, माश्या बसू लागल्या, तर वाट न पाहता दाखवावे.

पट्टी घेताना आणि बांधताना

अ) आकड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडले तर आकडा खोदलेला आहे. गुळगुळीत लागला तर तो रंगाचा किंवा वरच्या थराचा आहे. उघड्यावर बांधायची पट्टी नख अडेल अशीच घ्यावी.

आ) आकडे मोठे व मोजके घ्या. बारीक नक्षी आधी भरून येते, मोठा आकडा शेवटपर्यंत राहतो.

इ) एक जादा पट्टी करून घेऊन कपाटात ठेवा. दरवर्षी पावसानंतर बाहेरची पट्टी तिच्याशेजारी धरून पाहा. किती विटली ते लगेच कळेल.

ई) खोडाला तार आवळून बांधू नका. झाड जाड होते, तार सालीत रुतते आणि पट्टीच गिळली जाते. बाजूच्या फांदीला सैल वळसा द्यावा आणि दरवर्षी तो ढिला करावा. काजूच्या बुंध्यात खिळा ठोकू नये; खोडकिड्याची भीती आहेच, त्यात आपण जखम का करावी? पोफळीची जखम तर भरून येतच नाही.

उ) पट्टीचे कोपरे कानशीने गोल करा. हात कापला तर "पट्टी गंजलेली नव्हती" म्हणून स्वस्थ बसू नका. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, मातीत आणि शेणात असतात. जखम साबणाने धुऊन दवाखान्यात इंजेक्शनबद्दल विचारावे.

पुसट आकडा कसा वाचावा?

प्रथम पाण्याने धुवा. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने धरा. तिरप्या उजेडात उथळ चरही सावली धरते. तरी वाचता न आले तर पातळ कागद वर ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवा, किंवा आकड्यावर खडूची पूड चोळून वरचेवर पुसा. खोदलेला आकडा बहुधा उमटतो. वाचता आला की मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्या आणि त्याच दिवशी वहीत उतरवा.

मये येथे आम्ही असेच केले. टॉर्च, कागद आणि पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी गेल्या. चौदा नंबरची पट्टी खोदलेली निघाली. तिचा आकडा कागदावर स्वच्छ उमटला. एकतीस मात्र सापडला नाही. ती पट्टी निळ्यांपैकी असावी. कोऱ्या राहिलेल्या झाडांची फळे येत्या मे महिन्यात एकेक चाखून पाहायची, असे ठरले. दरम्यान त्या बाईंनी एक चांगले काम केले. कुळागराच्या दरवाजापासून पावले मोजत, विहीर आणि गडगा दाखवत, त्यांनी सर्व चाळीस झाडांचा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढला.

आमचे सांगणे हेच आहे. पट्टी चांगली घ्या, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. आकडा तीन ठिकाणी असू द्या: झाडावर, वहीत आणि नकाशावर. एक गेला तरी दोन राहतील. आणि हे काम ज्याने झाडे लावली तो घरात असतानाच करा. आज त्याच्यासोबत बागेत एक फेरी मारली, तर उद्या पेन्सिल घेऊन फिरण्याची वेळ येणार नाही.

जाता जाता आणखी एक. २ नोव्हेंबरला आपण सारे दफनभूमीत आपल्या माणसांच्या क्रुसावरील पट्ट्या साफ करायला जातो. तेव्हाही तारेची घासणी घरी ठेवावी. पाणी आणि मऊ फडके पुरे आहे.