टचपॅड व स्क्रीन रीडर : नोंदणी कक्षातील एक धडा

बीड जिल्ह्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडण्यापूर्वी आमच्या नोंदणी खिडकीवर मोठी रांग लागते. तेथे आमचे एक अंध सहकारी लॅपटॉपवर काम पाहतात. त्यासाठी ते ‘एनव्हीडीए’ हा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची निर्मिती सुरू केली. तो मराठीही वाचतो.

अशाच गर्दीत एका रुग्णाचे तपासणी शुल्क त्याच आडनावाच्या दुसऱ्या रुग्णाच्या नावे जमा झाले. प्रथम आम्ही त्यास सहकाऱ्याचा निष्काळजीपणा मानले. चौकशीअंती निराळेच आढळले. टंकलेखन करताना तळहात टचपॅडला लागला, पॉइंटर होता तेथे क्लिक झाले आणि शेजारची ओळ निवडली गेली. डोळस व्यक्तीस पॉइंटर सरकलेला दिसतो. अंध व्यक्तीस त्याची सूचना मिळेलच असे नाही. दोष मांडणीचा होता, व्यक्तीचा नव्हता, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

टचपॅडवर एका बोटाची टिचकी म्हणजे क्लिक होय. तीन बोटे खाली ओढल्यास सर्व विंडो मिटतात, आडवी ओढल्यास दुसरा प्रोग्राम समोर येतो. हे अजाणता घडू नये म्हणून विंडोज ११ मध्ये पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी :

१. विंडोज व ‘आय’ या कळा एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावीत. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘टचपॅड’ निवडावे.

२. माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याच्या पर्यायावरील खूण काढावी व माउस जोडून ठेवावा. टचपॅड बंद राहते आणि डोळस सहकाऱ्यांचीही अडचण होत नाही.

३. माउस नसल्यास एका बोटाच्या टिचकीने होणारे क्लिक बंद करावे. तीन व चार बोटांच्या खुणांसाठी ‘नथिंग’ निवडावे.

४. एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) व ‘एम’ दाबल्यास पॉइंटरखालील मजकुराचे वाचन बंद होते. मात्र त्यामुळे क्लिक थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे.

५. नोंद जतन करण्यापूर्वी एनव्हीडीए कळ व ‘टी’ दाबून विंडोचे शीर्षक, तर एनव्हीडीए कळ व ‘टॅब’ दाबून निवडलेली बाब ऐकावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘वाजवी सोयी’चा विचार मांडला आहे. आमच्या खिडकीवर ती सोय एका माउसच्या खर्चात झाली. हिशेब चुकल्यास प्रथम पद्धत तपासावी, माणूस नंतर, हा धडा आम्हांस त्यातून मिळाला.