परसबागेचे हिरवे कुंपण



वसतिगृहामागे मुलांनी वांगी-मिरची लावली आणि एका दुपारी शेळ्यांनी सारा वाफा फस्त केला. तारेसाठी पैसे नव्हते. पाड्यावरची एक आजी म्हणाली, "अडुळसा लावा. शेळी त्याला तोंड लावत नाही."

अडुळसा बारमाही हिरवा असतो आणि छाटत राहिल्यास अरुंद जागेतही मावतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार पेरांच्या फांद्या घ्याव्यात. दोन पेरे मातीत जातील अशा बेताने त्या फूटभर अंतरावर लावाव्यात. पाणी साचू देऊ नये.

पुढे चूक माझीच झाली. कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून पहिल्या वर्षी मी छाटणीच केली नाही. झाडे वर गेली, बुंध्याशी मात्र उघडी राहिली. तिथूनच शेळ्या पुन्हा आत शिरल्या. दुसऱ्या पावसाळ्यात मन घट्ट करून सगळी गुडघ्याखाली छाटली, तेव्हा खालून फुटवे आले आणि कुंपण दाटले. आता वर्षातून दोनदा छाटतो. तळाशी रुंद, शेंड्याकडे निमुळते ठेवतो, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

यंदा मुलांच्या ताटात त्यांनीच पिकवलेली वांगी आहेत. पावसाळी छाटणीच्या फांद्या आम्ही पाड्यावर वाटतो. आजीच्या दारापासून सुरुवात केली.