आधीच्याचा आधार, पुढच्याच्या हाती

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात नेट कॅफे चालवणाऱ्या एका वाचकाची अडचण अशी, की फॉर्म भरताना पेस्ट केले, की आधीच्या गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक उमटतो.

उत्तर : कॉपी केलेला मजकूर संगणकाच्या मेमरीत, म्हणजे क्लिपबोर्डवर, राहतो. ब्राउझर बंद केला तरी पुढची कॉपी होईपर्यंत किंवा संगणक बंद होईपर्यंत तो सहसा हलत नाही. कट-कॉपी-पेस्टची सोय लॅरी टेस्लर यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रुजवली. नेट कॅफे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते!

विंडोज १०मध्ये २०१८ साली क्लिपबोर्ड हिस्टरी आली आणि प्रकरण वाढले. ती चालू असेल, तर विंडोजचे बटण आणि व्ही एकत्र दाबताच शेवटच्या २५ नोंदी समोर येतात. आधार, खाते क्रमांक, पासवर्ड, सगळे एका रांगेत. ‘क्लिअर ऑल’ने यादी रिकामी होते, पण पिन केलेली नोंद रीस्टार्टनंतरही टिकते. म्हणून सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात जाऊन कॅफेच्या प्रत्येक संगणकावर हिस्टरी आणि इतर उपकरणांशी होणारे सिंक, दोन्ही बंद ठेवावे.

त्यानंतरही शेवटची एक नोंद उरतेच. गिऱ्हाईक उठले, की कुठलाही एखादा शब्द कॉपी करावा. जुनी नोंद जाते.